काशीला सोडलेला हापूस

मे महिन्यात काशीला गर्दी नसते, असं काकांचं म्हणणं होतं आणि ते खरं निघालं. ज्यांना डोकं होतं ते सगळे घरी थांबले होते.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. पार्ल्याला राहत. नोकरीतून निवृत्त झाले होते, पण सोसायटीच्या अध्यक्षपदावरून निवृत्त व्हायची काही चिन्हं नव्हती. जिन्यातला दिवा बदलला तरी ते दोन शब्द बोलत, आणि तेवढ्या वेळात काकूचे कपडे वाळत घालून होत. मी मुलुंडला शाळेत शिकवत असे. मे महिना मोकळा, म्हणून सामान उचलायला माझी नेमणूक झाली. "सुट्टी तुला, पुण्य आम्हाला," काका म्हणाले. ही वाटणी त्यांना अगदी रास्त वाटत होती.

काकांचा जीव हापूसमध्ये. गावाकडच्या आमच्या कलमांच्या पेट्या मे महिन्यात ट्रकने पार्ल्याला येत. काका स्वतः पलंगाखाली पेंढा पसरून आढी लावत आणि सकाळ-संध्याकाळ खाली वाकून आंब्यांची विचारपूस करत. आमच्यापैकी कुणाच्या तापाची त्यांनी एवढी चौकशी केल्याचं मला आठवत नाही. आणि एवढा जीव असूनही ते आंबा कधी मागत नसत. आंबाच काय, स्वतःच्या घरात त्यांनी पाणीसुद्धा मागून प्यायलं नसेल. काकूने वाढायला यावं, त्यांनी "नको" म्हणावं, पुन्हा "नको" म्हणावं, मग तिने "घ्या हो, एवढंसं तर आहे" असं म्हणावं आणि त्यांनी घरावर उपकार केल्यासारखी वाटी पुढे करावी. लग्नापासून हे असंच चाललेलं. काकूचा आग्रह नात्यागोत्यात प्रसिद्ध होता. तिच्याकडे जेवलेला माणूस स्टेशनपर्यंत चालत जाऊ शकत नसे.

काशीला गेलं की एक आवडती गोष्ट कायमची सोडून यायची, ही आपल्याकडची जुनी रीत. ती आपल्या माणसांनी इतक्या हुशारीने पाळली आहे की विचारू नका. माझ्या माहितीत काशी करून आलेल्यांनी कारलं सोडलं होतं, पडवळ सोडलं होतं, एका दूरच्या आत्याने शेपू सोडला होता आणि सांगताना तिचे डोळे भरून आले होते. काकांनी दादरला गाडीत बसतानाच आपला निर्णय जाहीर केला होता: दुधी. दुधी त्यांच्या घरात कित्येक वर्षांत शिजला नव्हता.

काशीत पोचलो तेव्हा नदी आक्रसून पायऱ्यांपासून दूर गेली होती आणि मधला दगड तापून तव्यासारखा झाला होता. काकांनी ओला पंचा डोक्यावर घेतला आणि घाटांचा इतिहास सांगायला सुरुवात केली. हे घाट मराठी राण्यांनी आणि सरदारांनी बांधले, हे खरंच आहे. पण काका ते अशा सुरात सांगत होते, की सोसायटीच्या मागच्या सभेत हा ठराव मंजूर झाला असावा. पाय भाजत असल्यामुळे ते प्रत्येक वाक्याला पाय बदलत होते. व्याख्यानाला त्यामुळे एक ठेका आला होता.

देवळात दर्शन एका धक्क्यात झालं. मग घाटावरच्या छत्रीखाली आमचे मराठी गुरुजी संकल्प सांगायला बसले. त्याच छत्रीत नागपूरचे एक निवृत्त इंजिनिअर होते. त्यांचा मुक्काम संपत आला होता. तोंड लालभडक, बोटांना चुना. गुरुजींनी विचारलं, "काय सोडता?"

"पान," ते म्हणाले.

बनारसमध्ये बसून पान सोडणारा माणूस आम्ही कुणी पाहिला नव्हता. गुरुजीसुद्धा क्षणभर मंत्र विसरले. इंजिनिअरांनी शांतपणे चुना पुसला आणि काकांकडे वळून विचारलं, "तुम्ही मुंबईवाले काय सोडता जी? दुधी?"

काकांच्या चेहऱ्यावरून दुधी कसा उतरला ते मी पाहिलं. त्यांनी पंचा सरळ केला, घसा साफ केला.

"हापूस," ते म्हणाले.

"अहो," काकू एवढंच म्हणाली. पण तोवर पळीभर पाणी सुटलं होतं. इंजिनिअरांनी उठून काकांचे हात हातात घेतले. आजूबाजूच्या चार-दोन मराठी मंडळींत बातमी गेली आणि काका त्यांना त्यागाविषयी दोन शब्द सांगायला छत्रीबाहेर गेले.

मागे राहिलो काकू आणि मी. गुरुजींनी तिला विचारलं, "बाई, तुमचं काय? फळ की भाजी?"

काकू बाहेर बघत होती. तिकडे काका भाषणात रंगले होते, पाय बदलत.

"मी आग्रह सोडते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"कुणाला घ्या घ्या म्हणणार नाही. नको म्हणाला की नको."

गुरुजींनी मान हलवली. "असं अजून कुणी सोडलं नाही."

"आवडती गोष्ट सोडायची ना? मला फार आवडायचं ते. आता दमले."

तिनेही पाणी सोडलं. मला म्हणाली, "ह्यांना सांगू नकोस रे. कळेल तेव्हा कळेल."

पार्ल्याला परतलो तर दारात पेट्या. शेजाऱ्यांनी उतरवून घेतल्या होत्या. बाहेर बिस्किटांच्या कारखान्याचा खमंग वास आणि आत हापूसचा. काका उंबऱ्यावर थबकले, मग संन्याशासारखे आत गेले.

काशीहून आल्यावर मावंदं घालायचं असतं, गंगेची पूजा आणि जेवण. दिवस आंब्याचे, तेव्हा बेत आमरस-पुरीचा. पाहुणे काकांच्या पाया पडत होते आणि काका प्रत्येकाला हापूस सोडल्याचं सांगत होते. लोक हळहळत होते आणि रस ओरपत होते. काकू रसाचं भांडं घेऊन पंगतीत आली. काकांच्या पानापाशी थांबली.

"नको," काका म्हणाले.

"बरं," म्हणून काकू पुढे गेली.

काकांचा हात अर्धवट वर राहिला. दुसरा नकार तोंडात तयार होता, तो तसाच राहिला. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "केवढा हा निग्रह." काकांनी कोरडी पुरी मोडली.

पुढचे काही दिवस मी तिथेच होतो, कारण पेट्या भरपूर होत्या आणि खाणारा एक कमी झाला होता. काका आढीपाशी जात, पेंढ्यातून एक आंबा काढत, वास घेत आणि मोठ्याने सांगत, "हा आज खाल्ला नाही तर फुकट जाईल हो."

"बरं झालं सांगितलंत," काकू म्हणे, आणि तो कापून मला देई. मी खायचो. समोर बसलेल्या माणसाची नजर प्रत्येक फोडीबरोबर वर-खाली होत असताना आंबा खाणं सोपं नसतं, पण मी ते केलं.

शेवटी एका दुपारी, काकू आणि मी जेवत असताना, काका स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"काय गं, तुला झालंय काय? दोनदा विचारायचीस, तीनदा विचारायचीस. आता एकदा नको म्हटलं की चाललीस पुढे."

"मी आग्रह सोडलाय. काशीला."

"आग्रह?" ते माझ्याकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"मी सामान उचलायला होतो," मी म्हणालो.

काका पाटावर बसले. अध्यक्षांना मुद्दा सापडत नसल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"म्हणजे तू मला घ्या म्हणणारच नाहीस?"

"नाही. पण मागितलंत तर देईन. वाढणं नाही सोडलेलं."

"आणि माझ्या संकल्पाचं काय?"

"तो तुमचा आणि गंगेचा. मी मध्ये नाही. नागपूरवाले तर मुळीच नाहीत."

काकांनी वाटी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"दोन फोडी दे," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "दे ना गं."

काकूने फोडी वाढल्या. काकांनी त्या डोळे मिटून खाल्ल्या. संपल्यावर सवयीने थांबले, ती काही म्हणेल म्हणून. ती पुऱ्या डब्यात भरत होती.

काकांनी वाटी स्वतःच पुढे केली. "अजून," ते म्हणाले. "आणि उद्या दुधी कर. तो सोडायचा राहिलाच, आता खायला हरकत नाही."