शेल्यावरचे चार डाग

अकोल्याच्या एका मठात मूळ सत्पुरुषाचा म्हणून एक पांढरा शेला होता. त्याचा लाल काठ आमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या रंगवला. काठ विटला की मठाचा माणूस शेला घेऊन अमरावतीला आमच्याकडे यायचा. काठ एरंडेल आणि खारात मुरवायचा, मग आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांच्या रंगात तेवढाच बुडवायचा. त्याबद्दल उत्सवाचा पहिला नारळ रंगाऱ्याच्या हातात. पुढे मी कापडाचं दुकान काढलं, सगळं स्वतःच्या जिभेवर कमावलं. नारळ तेवढा वाडवडिलांचा होता.

मग मठाच्या पंचांत एक वकील घुसला. काठाजवळ पांढऱ्यावर चार लाल डाग होते. वकील म्हणाला, हे सत्पुरुषाच्या पायाचं रक्त, आणि काठाचा रंग दैवी, आपोआप टिकतो. मग रंगारी कशाला? माझा नारळ बंद.

मी भर सभेत उठलो. "वकीलसाहेब, ते रक्त नाही. माह्या आजोबाची ओली बोटं लागली हायेत."

"तुले काय कयते रे त्यातलं?"

"कोपरापावतर रंगात जल्म गेला माहा. मले नाही कयत, तं काय तुमच्या काळ्या कोटाले कयते?"

लोक हसले. ते झोंबलं म्हणून वकिलाने नागपूरहून रसायनाचा प्रोफेसर आणवला. प्रोफेसराने डागाचा एक धागा आणि काठाचा एक धागा दोन काचनळ्यांत टाकला. सोड्याच्या पाण्यात दोन्ही जांभळे झाले, आम्लात दोन्ही पिवळे. "रंग एकच आहे. झाडाच्या मुळीचा. रक्त नाही." आमच्या घरच्या बाया हे नुसत्या वासावर सांगायच्या.

मी नारळासाठी हात पुढे केला. वकिलाने नारळ प्रोफेसराला दिला! आणि लोकांकडे वळून म्हणतो, "पाहा, डाग आन् काठ एकच निघाले. मंग काठबी रक्ताचाच!" टाळ्या पडल्या. प्रोफेसर घड्याळ पाहत होता. त्याची गाडी होती. नारळ मात्र नेला.

पुढे काठ विटला. निरोप आला, मागच्या दाराने ये, गुपचूप रंगवून जा. मी सांगितलं, आधी नारळ, तोही सगळ्यांसमोर. त्याखाली सौदा नाही. त्यांनी बाजारातून विलायती रंगाची पुडी आणली. उत्सवाआधी शेला रिवाजाप्रमाणे पाण्यातून काढला, तर लाल ओघळ पार मध्यापर्यंत.

आता येतील पाय धरायला, असं मला वाटलं. कुणी आलं नाही. मठापुढे रांग लागली होती. सत्पुरुषाच्या जखमा पुन्हा वाहू लागल्या म्हणे. नारळांचा ढीग वकिलाच्या कमरेइतका झाला. त्या वर्षी प्रोफेसराला मात्र कुणी बोलावलं नाही.