अम्मीला उतरता येईल अशी पुळण

अम्मीला समुद्रात उतरायचं होतं, हे मला ती ओमानात आल्यावर सव्वीस दिवसांनी कळलं. व्हिसा तीस दिवसांचा होता.

तोवर माझे तिला सात किनारे दाखवून झाले होते. या देशात चौदा वर्षं काढली, पण ओळखीपाळखीत माझी ख्याती एकच, बीच सांगणारी बाई. कुणाकडे गावाहून पाहुणे आले की मला फोन येतो. मी आधी उलटतपासणी घेते. म्हातारी माणसं किती, गाडी कुठली, जेवण घरून नेणार की वाटेत घेणार. मग सांगते, इथे जा, तिथे मुळीच जाऊ नका. सावली, पार्किंग, शौचालय आणि फोटो, या चार गोष्टींत मी कुणाला हार जाणार नाही. नवरा म्हणतो, सल्ल्याचे पैसे घेतले असतेस तर रुसैलच्या वेअरहाउसातली माझी नोकरी कधीच सुटली असती.

अम्मी म्हणजे तर माझी सख्खी आई. रत्नागिरीकडच्या आमच्या गावातून पहिल्यांदाच विमानात बसून सीबला आमच्या घरी आलेली, अब्बा गेल्यानंतर वर्षभराने. तिच्यासाठी मी जीव टाकला. कुरुमला नेलं, यितीला नेलं, दोन तास गाडी हाकत फिन्सचे पांढरे खडे आणि काचेसारखं पाणी दाखवायला नेलं. ती सगळीकडे चटईवर बसायची, गुडघे चोळायची, ‘बरा हाय’ म्हणायची आणि डबे नीट लागलेत का ते बघायची. मी मनातून चिडायचे. लोक या पाण्यासाठी कुठून कुठून येतात आणि हिला डब्यांची पडलीय. मग स्वतःलाच समजवायचे, जन्मभर दारात समुद्र असलेल्या बाईला समुद्राचं काय कौतुक असणार?

मला कळलं ते माझ्या दहा वर्षांच्या मुलीमुळे. तिचं मराठी दर दोन शब्दांनी अडतं, पण मी सव्वीस दिवसांत न विचारलेला प्रश्न तिने विचारला.

“नानी, तुला कुठला बीच... मोस्ट आवडला?”

“ती बाय पान्यात बसली व्हती ना, तो,” अम्मी म्हणाली.

तो सवादीचा किनारा. तिथे एक ओमानी म्हातारी अंगभर कपड्यांनिशी, डोक्यावरच्या काळ्या ओढणीसकट, कमरेएवढ्या पाण्यात खुशाल बसली होती. लाटा येत होत्या, तिला हलवून जात होत्या, आणि ती नातवंडांवर ओरडत होती. अम्मी तिच्याकडे बराच वेळ बघत होती. मी त्या वेळी सगळ्यांना फोटोत बसवायच्या खटपटीत होते.

मी स्वयंपाकघरात गेले. अम्मी सुरमईच्या तुकड्यांना हळद-मीठ लावत होती.

“त्या बाईला कोन काय बोललं नाय गो,” ती वर न बघता म्हणाली.

“कोण काय बोलणार? इथल्या बायका अशाच बसतात.”

“तेच म्हनतंय मी.”

गावचं आमचं घर खाडीच्या तोंडाशी आहे. मोठ्या भरतीला पाणी मागच्या दगडी गडग्याला लागतं. ओहोटीला बायका तिसऱ्या शिंपल्या काढायला चिखलात उतरतात, कपडे गुडघ्यापर्यंत खोचून, आणि तेवढंच. पोरगे धक्क्यावरून उड्या मारतात. दुपारनंतरची असरची नमाज झाली की पुरुष बांधावर येऊन बसतात, आणि बांधावरून सगळं दिसतं. अम्मीला कधी कुणी ‘पाण्यात जाऊ नकोस’ म्हणालं नाही. म्हणावंच लागलं नाही. लग्नानंतर तिने एकदा अब्बांना विचारलं होतं, हे तिने मला तिथेच सांगितलं. ते नुसते हसले. मग तिने पुन्हा विषय काढला नाही. माझे अब्बा वाईट नव्हते. पण ते हसणं तिला अडुसष्टाव्या वर्षीही आठवत होतं, म्हणजे लागलं असणार.

मी काय करावं? मी तिच्यावर खेकसले. “आधी बोलायला काय झालं होतं? सात ठिकाणं हिंडवलं तुला.”

“तू येवढी हौसेनं दाखवत व्हतीस,” ती म्हणाली. मला माझीच लाज वाटली.

हातात एकच शुक्रवार होता. मी पुन्हा किनारा निवडायला बसले आणि माझी चौदा वर्षांची विद्या कवडीमोल ठरली. जे जे चांगलं म्हणून मी लोकांना सांगत आले, ते ते आता बाद होत गेलं. कुरुमला रुवीतली अर्धी वस्ती फिरायला येते, त्यातले निम्मे आपले रत्नागिरी-रायगडचे. हॉटेलांचे किनारे देखणे, पण तिथे गोरी माणसं आणि टॉवेल घेऊन उभे असलेले नोकर. फिन्सला उतार, शिवाय पायाखाली खडे. सवादीला सुट्टीची जत्रा. मला आता असा किनारा हवा होता, जिथे बघण्यासारखं काही नाही आणि म्हणून बघायला कुणी येत नाही.

बरकाच्या पुढे अशी एक पुळण मला ठाऊक होती. मी ती कधी कुणाला सुचवली नव्हती. झाड नाही, टपरी नाही, नुसती सपाट वाळू. पण भरतीला पाणी थेट गाडीच्या रस्त्याजवळ येतं. अम्मीच्या गुडघ्यांना चार पावलं पुरणार होती.

“भरती मी सांगतंय,” अम्मी म्हणाली. “अवसेपास्नं चवथा दिवस. चाराची पाऊनपट म्हंजे तीन. तीनला पानी भरंल.”

हे गणित आमच्याकडे पोराटोरांनाही येतं. माझ्या फोनवर भरती-ओहोटीच्या वेळा दिसतात, तरी मी त्या उघडून बघितल्या नाहीत. आई इतक्या ठामपणे सांगते आहे म्हटल्यावर कोण बघतं?

मुलीला मैत्रिणीच्या वाढदिवसाला सोडून आम्ही तिघं साडेतीनला पोचलो. पाणी तिथे नव्हतं. पार लांब, एका रेषेसारखं दिसत होतं, आणि अजून मागेच चाललं होतं. आमच्या गावचं गणित आमच्या गावच्या किनाऱ्याचं. इथल्या समुद्राने कधीच माघार घ्यायला सुरुवात केली होती. माझं रडायचंच बाकी राहिलं. मी नवऱ्यावर ओरडले, गाडी जरा वाळूत घे म्हणून. रुतेल, तो म्हणाला, आणि ते खरं होतं.

अम्मी तोवर चपला काढून उभी होती.

“येवढं चालवेल तुला? गुडघे?” मी विचारलं.

“वल्या रेतीत नाय दुखत.”

नवरा गाडीतून उतरलाच नाही. “अम्मी, तुमी निवांत जा. मी हितंच हाय,” म्हणाला, आणि त्याने गाडी वळवून तोंड रस्त्याकडे केलं. चौदा वर्षांच्या संसारात मला त्याचा इतका अभिमान क्वचितच वाटला असेल.

अम्मी चालत राहिली. घरात सोफ्यावरून उठताना ‘या अल्ला’ म्हणणारी बाई ओल्या वाळूवर माझ्यापुढे दहा पावलं होती. मागे वळून पाहिलं तर आमची गाडी काडेपेटीएवढी. तिकडून आम्ही कोण, बायका की पुरुष, हेही कुणाला कळलं नसतं. भरती असती तर आम्ही रस्त्यालगत, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर असतो. हे मला तिथे उभं राहिल्यावर सुचलं. चार गोष्टींत हार न जाणाऱ्या मला!

घोटे, पोटऱ्या, गुडघे. गुडघाभर पाण्यात ती थांबली, माझं मनगट घट्ट धरलं, बिस्मिल्ला म्हणाली आणि खाली बसली. पहिल्या लाटेने तिला कलंडवलं. मी घाबरून खेचायला गेले, तर ती हसत होती. अम्मी नेहमी ओढणी तोंडाशी धरून हसते. आता दोन्ही हात पाण्यात होते. तिचे पुढचे दोन दात पडलेत, हे मला तेव्हा दिसलं.

किती वेळ गेला कोण जाणे. मगरिबला, सूर्य बुडायला, अवकाश होता, पण वारा सुटला होता. मी म्हटलं, “अम्मी, गार होतंय.” ती लगेच उठली. कपडे पिळले, दोन पावलं माझ्या मागे आली आणि थांबली.

“आनि थोडी बसू काय गो?”

तिचे वडील, माझे नाना, नव्हते; मामा नव्हते, अब्बा नव्हते. विचारायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून ती मला विचारत होती.

“मला नको विचारूस अम्मी. तुझं तू ठरव.”

ती तशीच उभी राहिली, निथळत, माझ्याकडे बघत. मी वाट पाहिली. ती हललीच नाही.

शेवटी मी म्हटलं, “बस.”

तेव्हा ती मागे वळली आणि पाण्यात जाऊन बसली.