नंबर दिसला की फ्यूज

वायरमनला राग आला की तो शिवी देत नसे, फ्यूज काढायचा. गिरणीवाल्यानं एकदा त्याच्या म्हाताऱ्या आईचं दळण मागं सारलं आणि सरपंचाच्या पाहुण्यांचं आधी घेतलं. दुसऱ्या दिवशी ऐन गर्दीत गिरणी बंद. गिरणीवाला पळत आला, तर वायरमन माझ्या ओट्यावर बशीतून चहा पीत बसलेला.

"फाल्ट शोधतोय," वायरमन म्हणाला.

"कुठं, बशीत?"

"सापडंल. आमच्या म्हातारीचं दळण घरी जाऊन घेऊन या, लगीच सापडंल."

गिरणीवाल्यानं स्वतः डबा डोक्यावर घेऊन आणला, तेव्हा फाल्ट सापडला. असला माणूस मला आवडला नसता तरच नवल. माझंही तसंच आहे. मी कुणाचं ठेवून घेत नाही.

त्याची सगळी नोकरी शिरूर आणि दौंडच्या खांबांवर गेली. त्याचं खरं नाव गावात निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. त्याचं घर बुद्धविहाराला लागून, माझं रस्त्याकडेला, पण बैठक रोजची माझ्याच ओट्यावर. तो म्हणायचा, "आबा, खाली उभं राह्यलं की नुसता बंगला दिसतो. खांबावर चढलं की मागचं अंगण दिसतं. माणूस मागच्या अंगणात असतो."

आमच्याकडं कुणी गेलं की दशक्रियेला भीमेच्या घाटावर पुढारी येतात. श्रद्धांजलीचे दोन शब्द म्हणून माईक घेतात. गेलेल्याचं नाव चिठ्ठीवर बघून वाचायचं आणि लगेच आपण आणलेल्या रस्त्यावर यायचं. वायरमन माईकवाल्याच्या शेजारी उभा राहायचा. रस्ता सुरू झाला की पिन ओढायचा. पुढारी नुसतेच ओठ हलवत उभे. मग वायरमन मोठ्यानं म्हणायचा, "लोड आला होता, साहेब. मेलेल्याचं बोला, मग टिकतोय का बघू."

निवृत्त झाल्यावर त्याच्या मुलीनं त्याला मोबाईलवर ब्लॉग काढून दिला. मी विचारलं, हे काय असतं? तर म्हणाला, "भिंत असती. आपण लिहायचं, जगानं वाचायचं, आन् खाली ज्याला जे वाटलं ते त्यानं लिहायचं." तो लिहायचा ते गावातल्या गेलेल्या माणसांवर. "ज्याचा फ्लेक्स लागत न्हाई, त्याचं मी लिहितो." बाजारात बैलांच्या शेपट्या धरून दात सांगणारा म्हातारा, विहिरीत उतरून पडलेल्या कळशा काढणारी बाई, असली माणसं. माझी शाळा चौथीत सुटली. मी बोट धरून वाचायचो, पण वाचायचो.

मग माझी पारू गेली. आजारात इतकी वाळली की उचलून घेताना हाताला कळायचं नाही. तिचा फ्लेक्स मी लावू दिला नाही. वायरमननं तिचं लिहिलं.

आमच्या रस्त्याकडच्या तुकड्यावर कडुलिंबाचं झाड आहे. रांजणगावच्या कंपनीत जाणाऱ्या बाया तिथं कंपनीच्या बसची वाट बघतात. पारू त्यांच्यासाठी पाण्याचा माठ भरून ठेवायची, त्यांच्या गाड्या आपल्या अंगणात लावून घ्यायची, शिफ्ट सुटेपर्यंत लक्ष ठेवायची. प्लॉटिंगवाले त्या तुकड्यासाठी पुन्हा पुन्हा आले. मी एकदा डळमळलोही. पारू म्हणाली होती, "विका की. मग त्या बायांनी उन्हात उभं राहायचं आन् तुम्ही पैसं मोजायचं." हे सगळं वायरमननं जसंच्या तसं लिहिलं. वाचताना मला तिचा आवाज ऐकू आला.

त्याच्या खाली लोकांनी लिहिलेलं आलं. पहिलंच होतं सात दिवसांत वजन कमी करायच्या गोळीचं. माझ्या पारूच्या खाली. त्याच्या खाली दुसरं: "खूप छान माहिती दिलीत सर. रांजणगाव एमआयडीसीजवळ रोडटच एनए प्लॉट, लोन सुविधा, आजच फोन करा." आणि नंबर.

मी मोबाईल वायरमनपुढं धरला. म्हटलं, "काढ ते. दोन्ही काढ."

वायरमननं गोळीचं काढलं. प्लॉटचं ठेवलं.

"गोळीवाला कुठल्या देशात बसलाय कुणाला ठावं. त्याला जाऊ दे. ह्याला नंबर हाय आबा. हा आपल्या लाईनीवरचा हाय. हे त्याच्याच हातानं निघंल."

मी चार दिवस त्याच्याशी बोललो नाही. पारूच्या नावाखाली ती घाण रोज दिसायची. पण त्याला मी ओळखून होतो. तो फाल्ट शोधत होता.

एके दुपारी त्यानं माझ्यासमोर स्पीकर लावून त्या प्लॉटच्या नंबरला फोन केला. "हॅलो, रस्त्याकडची जमीन हाय. इकायची हाय."

"लोकेशन टाका काका, लगेच येतो."

"लोकेशन कुठलं टाकायचं, मी म्हातारा माणूस. कवठे येमाईला या, दावतो."

प्लॉटवाला कवठे येमाईला गेला. तिथून फोन केला, तर वायरमन म्हणाला, "आरं, मालक केंदूरला गेल्यात. तिकडंच या की." तो उन्हात केंदूरला गेला. तिथं वायरमननं फोनच उचलला नाही. मी हसायला लागलो की तो माझ्या गुडघ्यावर मारायचा.

"आता कशाला येतोय तो परत," मी म्हणालो.

"येतो. रस्त्याकडची जमीन म्हणल्यावर हा सरणावर बी येईल."

खरंच आला. वायरमननं त्याला पारूच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी बोलावलं होतं. अंगणात मांडव, प्रवचन नुकतंच संपलेलं, पुढं पारूचा फोटो. कंपनीच्या बाया सुट्टी टाकून आल्या होत्या. पांढरी गाडी लिंबाखाली थांबली आणि त्यातून तिशीचा एक पोरगा उतरला. पॉलिशचे बूट, कानाला फोनचं यंत्र. मांडव बघून थबकला. वायरमननं त्याला हाताला धरून पुढच्या खुर्चीवर बसवलं. गिऱ्हाइकाचं घर म्हणून त्यानं फोटोला फूलही वाहिलं.

वायरमननं माईक घेतला. "आता आपले हे पाहुणे दोन शब्द बोलतील. वहिनींवर त्यांनी आधी लिहिलंय बी."

आमच्या भागात दोन शब्दाला नाही म्हणता येत नाही. नाही म्हणणारा गेलेल्याचा अपमान करतो असं धरतात. तो उठला. "मावशी फार प्रेमळ होत्या," म्हणाला.

"तोंडपाठ कशाला," वायरमन म्हणाला आणि त्याच्या हातात मोबाईल दिला. "हे वाचा. वरचं वहिनींचं, खालचं तुमचं."

तो भराभरा वाचायला लागला. लिंबापाशी आला आणि हळू झाला. "मग त्या बायांनी उन्हात उभं राहायचं," हे त्यानं वाचलं तेव्हा त्याची मान आपोआप गाडीकडं वळली. शेवटाला येऊन तो थांबला.

"वाचा की. खालचं राह्यलंय."

"काका, नको."

"लिवलंय त्यात लाज कसली. वाचा."

कर्ण्यातून त्याचाच आवाज रस्त्यापर्यंत गेला. खूप छान माहिती दिलीत सर. रोडटच एनए प्लॉट. लोन सुविधा.

"नंबर बी वाचा."

त्यानं नंबर वाचला. मग सुनंदा, जी पारूच्या हाताचं पाणी प्यायल्याशिवाय बसमध्ये चढत नसे, ती मागून म्हणाली, "साहेब, एवढी माहिती दिली, आजून थोडी द्या. प्लॉट पाडल्यावर आमी बसची वाट कुठं बघायची?"

पोरगा तिच्याकडं वळला. "माफ करा. हे ऑफिसमध्ये बसून टाकतो आम्ही, दिसेल तिथं. वाचत नाही."

"आता वाचलंत," वायरमन म्हणाला. "काढा."

त्यानं स्वतःच्या हातानं ते काढलं. मग तो निघाला, पण मी सोडला नाही. श्राद्धाचं जेवण आहे, असं कसं जाता? बायांच्या पंगतीसमोर बसवला आणि मी स्वतः आग्रह करकरून वाढलं. त्याला घास गिळेना. मी आणखी एक लाडू वाढला. पारू गेल्यापासून इतकं गार मला कशानं वाटलं नव्हतं.

त्यानंतर वायरमननं ब्लॉगला कुलूप घातलं. खाली कुणी काही लिहिलं तर आधी आमच्याकडं येणार, आम्ही ठेवलं तरच जगाला दिसणार. मला त्यानं बटणं शिकवली. एक ठेवायचं, एक काढायचं.

"नंबर दिसला की फ्यूज काढायचा. पुढचं वाचायचं बी न्हाई."

"एखादा चांगला माणूस असला तर?"

"चांगल्याला नंबर लागत न्हाई आबा. तो दारात येतो."

या थंडीत वायरमन गेला. विहारात पुण्यानुमोदनाला पुढारी आलेच. मी लाईटच्या बोर्डाजवळ खुर्ची टाकून बसलो. सगळ्यांची भाषणं थोडक्यात झाली.

त्याचं पान ब्लॉगवर मीच लिहिलं. मोडकंतोडकं, पण मीच. त्याची मुलगी म्हणाली, आबा, मी लिहिते. मी लिहू दिलं नाही.

परवा त्याच्या खाली एक आलं. मी बोट धरून वाचलं. "काका गेल्याचं कळलं. त्यांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. त्या दिवसापासून वाचल्याशिवाय कुठंही काही टाकत नाही. मावशींच्या लिंबापाशी आलो की गाडी हळू करतो." पुढं नाव होतं. तोच.

मी ते पुन्हा वाचलं. चांगलं लिहिलं होतं. वायरमनवर त्या महिन्यात जे जे बोललं गेलं, त्यात एवढं खरं कुणी बोललं नव्हतं. बोट ठेवायच्या बटणावर गेलं. आणि मग नावाच्या खाली आणखी एक ओळ दिसली. नंबर.

सवय असेल. दुःखातही हात आपोआप गेला असेल.

फ्यूज काढला. घर त्याला माहीत आहे. बोलायचं असेल तर दारात यावं. वाढायला मी अजून आहे.