उजव्या फळीवरच्या बशा

आमच्या ताईइतकं कोमल काळीज अख्ख्या प्रयोगशाळेत कुणाचं नव्हतं. घरी येताना ते ती तिथेच ठेवून येई. मी तिचा मधुमेही धाकटा भाऊ. बटाट्याची दुसरी फोड उचलली, की लगेच, "ठेव खाली!"

तिचं काम उंदरांच्या पेशी सांभाळायचं, इन्सुलिन बनवणाऱ्या. उबदार कपाटात दोन फळ्या, त्यांवर काचेच्या बशा. सगळ्यांत मुद्दाम भरमसाठ साखर, पेशींचा जीव घेणारी. डाव्या फळीवरच्यांना शिवाय आतड्यातल्या संप्रेरकाचे थेंब, उजवीवरच्यांना नुसतं पाणी. आपण जेवलो की आतडं हे संप्रेरक सोडतं. ते पेशींना इन्सुलिन सोडायला तर लावतंच, पण म्हणे त्यांना जगवतं, वाढवतंसुद्धा. ताईच्या वरिष्ठ बाईंना हेच तपासायचं होतं. माझ्या अंगात असल्या पेशी थोड्याच उरलेल्या, त्यामुळे देव पाण्यात घालून बसलो होतो मी.

निकाल आला. दोन्ही फळ्या सारख्याच ठणठणीत! "नुसत्या पाण्यावरही तितक्याच जगतात, म्हणजे संप्रेरकाचा काडीचा उपयोग नाही," बाई म्हणाल्या. "बंद करा हे."

त्या संध्याकाळी मी तोंड पाडून बसलो होतो. ताई उगाच भांडी आपटत होती. एकदम म्हणाली, "उजवीकडच्यांनाही मीच थेंब घालत होते रे."

"काय?"

"मग काय करू! सूक्ष्मदर्शकातून बघावं, तर डावीकडच्या टवटवीत आणि या बिचाऱ्या आक्रसलेल्या. असला पंक्तिप्रपंच मला नाही बघवत."

धन्य माउली! माझ्या ताटातली फोड काढणारी ही बाई उंदरांच्या पेशींना आग्रहाने वाढत होती, आणि त्या दयेपोटी माझ्या आशेचं वाटोळं झालं होतं. मला भयंकर संताप आला.

सकाळी तिने जाऊन सगळं कबूल केलं. बाईंनी नोकरीवरून काढलं नाही, त्याहून वाईट केलं. प्रयोग पुन्हा करायचा, तोही हिनेच, आणि बाई शेजारी उभ्या.

या वेळी ताई डोळे सुजवून घरी आली.

"काय झालं?"

"डावीकडच्या बऱ्याचशा जगल्या. उजवीकडच्या गेल्या."

"अगं, मग पेढे वाटायचे सोडून रडतेस काय?" मी खुशीत बटाट्याची दुसरी फोड उचलली.

"उंदरांचं माणसाला लागू पडतं का, ते बघायलाच कितीतरी वर्षं जातील म्हणाल्या बाई," ती ओरडली. "तोवर तुला थेंब कोण घालतंय, गाढवा? तू उजव्या फळीवरच आहेस!"

मी फोड मुकाट्याने खाली ठेवली.