नव्व्याण्णवांजवळ कोण होतं?

बायबलमधली हरवलेल्या मेंढराची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आणि लहानपणापासूनच तिच्याबद्दल माझी एक तक्रार आहे. एका माणसाची शंभर मेंढरं असतात, त्यांतलं एक हरवतं, आणि तो नव्व्याण्णवांना रानात तसंच सोडून त्या एकाला शोधायला जातो. सापडल्यावर त्याला खांद्यावर घालून आणतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून आनंद करतो. गोष्ट गोड आहे, पण तोवर त्या नव्व्याण्णवांजवळ कोण होतं? मी मूळची नगरकडची. आमच्या शिवारात धनगरांचे कळप बसायचे, आणि राखणारा जरा इकडेतिकडे झाला की मेंढरं कशी वाट फुटेल तिकडे जातात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना मी हे एकदा विचारलंही. ते हसून म्हणाले, "बाई, गोष्टीचा रोख हरवलेल्यावर आहे." रोख मलाही कळतो हो, पण राहिलेल्यांचं काय, हे विचारायची माझी खोड काही जात नाही.

लग्नानंतर मी महाडला आले. आमचे हे पोलादपूर तालुक्यात गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. डॉक्टर नव्हते, पण डोंगरातल्या वाड्यावाड्यांवर लस टोचत हिंडायचे, म्हणून सगळे डॉक्टरच म्हणायचे. मी शाळेत शिकवायचे आणि रविवारी आमच्या लहानशा मंडळीतल्या मुलांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायचे. इथल्या पावसात मेंढरं तग धरत नाहीत, त्यामुळे मुलांनी मेंढरू असं पाहिलेलंच नसे. उत्तम मेंढपाळाचं चित्र काढा म्हटलं की त्याच्या खांद्यावर हमखास शेळी यायची, तीही दाढीवाली. एका नाताळात तर आम्ही शेळीच्याच अंगाला कापूस चिकटवून तिला गोठ्याच्या देखाव्यात उभी केली आणि तिने तो कापूस खाऊन टाकला. शेवटच्या न्यायाच्या वेळी प्रभू मेंढरांना उजवीकडे जवळ घेतो आणि शेळ्यांना डावीकडे टाकून देतो, ते का, त्या बिचाऱ्यांनी काय घोडं मारलंय, हेही मला मुलांना कधी समजावून सांगता आलं नाही. ह्यांना विचारलं तर म्हणायचे, "मला दोघींनाही सुई टोचायची असते. मी काय सांगू?"

निवृत्तीनंतर काही वर्षांनी ह्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग नावं, मग घर. सकाळी पिशवी घेऊन दाराशी उभे राहायचे आणि विचारायचे, आज कुठल्या वाडीला जायचंय? एकदा डोळा चुकवून गेले ते चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बसलेले सापडले, शांतपणे पाणी बघत. त्यानंतर मी दाराला आतून कुलूप घालू लागले आणि किल्ली कमरेला लावली. रात्रंदिवस माझा एक डोळा त्यांच्यावर असे. त्यांना पहिल्यासारखं कर, एवढंच मी प्रभूजवळ मागत होते आणि ते काही होत नव्हतं. तेव्हा ती जुनी तक्रार पुन्हा डोकं वर काढायला लागली. मी आयुष्यभर कळपात राहिलेली बाई. उपासना चुकवली नाही, वाट सोडली नाही. प्रभू कुठल्यातरी हरवलेल्याच्या मागे गेला असेल, पण आम्हाला मात्र रानात टाकून गेला, असं मला खरोखर वाटायला लागलं. मनातून फार रागावले होते मी.

अशात उमरठच्या वरच्या डोंगरातले धोंडूभाऊ बाजाराला म्हणून महाडला आले आणि घरी डोकावले. पूर्वी त्यांच्या वाडीवर ह्यांचं नेहमी जाणंयेणं होतं. ह्यांची अवस्था पाहून ते म्हणाले, "डाक्टरांना चार दीस वर आना बाई. हितं खोलीत कोंडून त्यांना काय सुदरतंय?" मला ते लागलं, पण खोटं नव्हतं. गणपती होऊन गेले होते, दसरा यायचा होता. आम्ही गेलो.

त्या वाडीची एक रीत आहे, ती आधी सांगायला हवी. पिकं उभी असतात तोवर सगळ्या घरांची गुरं एकत्र माळावर नेतात आणि पाळीपाळीने दोन-दोन घरं ती राखतात. पाळीच्या दिवशी घरातलं कोणीही गेलं तरी चालतं, अगदी आलेला पाहुणासुद्धा. ज्या घरी जेवला त्या घरचा माणूस, असा साधा हिशेब. आम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवशी धोंडूभाऊंची आणि पलीकडच्या घरच्या भागाकाकींची पाळी होती. दुपारी धोंडूभाऊ जेवायला खाली आले. माळावर काकी एकट्याच होत्या. आम्ही जेवलो, हे ओटीवर घोंगडीवर आडवे झाले, आणि मी आत धोंडूभाऊंच्या घरच्या पार्वतीवहिनींबरोबर अळूची पानं निवडायला बसले. महाडच्या खोलीतला तो सारखा पहारा तिथे जरा सैल झाला होता. पानं निवडून बाहेर आले तर घोंगडी रिकामी.

पहिल्यांदा गोठ्यात पाहिलं, मग विहिरीवर. तोवर धुकं उतरायला लागलं होतं. धोंडूभाऊंनी चारपाच माणसं गोळा केली. कड्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर ह्यांची छत्री मिळाली आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. त्या कड्याखाली काही नाही, सरळ दरी आहे. मी म्हटलं, गुरांकडेही कोणी बघा. धोंडूभाऊ म्हणाले, "तिकडं भागाकाकी हाय बाई. डाक्टर तिकडं गेलं असतं तर तिनं तवाच हाळी दिली असती. तुमी खाली जावा, आमी बघतो." कोणालाच ते वावगं वाटलं नाही. माणसं कड्याच्या आणि ओढ्याच्या बाजूला पांगली.

मी काही खाली गेले नाही. सोबत आलेल्या वहिनींचा डोळा चुकवून मीही कड्याच्या वाटेला लागले. लग्न झाल्यापासून कधी नाव घेतलं नव्हतं, त्या दिवशी गवतातून चालत ह्यांना नावाने हाका मारल्या. उत्तर नव्हतं. गवत कमरेएवढं झालेलं, धुक्यात हातभर पुढचं दिसेना. थोड्या वेळाने लक्षात आलं की पायाखाली वाटच नाही. मागे वळले तर मागेही नाही. कडा कुठल्या हाताला आहे तेही कळेना. शेवटी एका दगडावर बसले आणि रडले. रडून झाल्यावर जे बोलले ती प्रार्थना म्हणायची की नाही कोण जाणे. मी म्हटलं, "बाबा, माझ्याच्यानं आता होत नाही. मी पुष्कळ राखलं. ते असतील तिथे आता तू राख." पहिल्यासारखं कर, हे त्या वेळी तोंडात आलंच नाही. किल्ली कमरेला टोचत होती, ती काढून पदरात बांधली आणि नुसती बसून राहिले.

अंधारून यायला लागलं होतं, तेव्हा खालून गुरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या. त्या हळूहळू पुढे गेल्या आणि थांबल्या. मग एक हाक आली. "होऽऽ, होऽऽ," अशी लांबवलेली, चुकार गुराला बोलावतात तशी. कोणाची तरी गाय मागे राहिली असेल आणि गुराखी तिला बोलावतोय, असं मी समजले. एवढं खरं की हाक होती तिकडे वाडी असणार. मी उठले आणि त्या आवाजाच्या रोखाने एकेक पाऊल टाकत उतरायला लागले. हाक मध्येच थांबे, तशी मी थांबे. पुन्हा आली की पुन्हा चाले. कोणाच्या तरी गाईच्या जिवावर आपण घरी चाललोय, असं वाटून त्या अवस्थेतही मला जरा हसू आलं.

वाडीच्या तोंडाशी बांबूचं फाटक आहे. तिथे कंदील घेऊन माणसं उभी होती, आणि मधोमध आमचे हे. हातात गुराख्याची काठी, धोतराला गवताचं कुसळ, आणि तोंडाने तीच हाक. मी कोणाची हाक ऐकून उतरले ते मला तेव्हा कळलं.

धोंडूभाऊ अगदी टेकीला आले होते. मला पाहून म्हणाले, "बाई, बघा तरी. गुरं घेऊन डाक्टरच आलं. सगळी गुरं आली, घराघरात बांदली, पन ह्ये हितनं हलंनात. फाटक लावू देत नायत. म्हनतात, एक राहिलंय." हे माझ्याकडे वळले. मला नावाने ओळखलं की नाही, मी सांगू शकत नाही. कंदिलाच्या उजेडात नीट न्याहाळून पाहिलं आणि धोंडूभाऊंना म्हणाले, "आली. लावा आता फाटक."

मागाहून सगळा उलगडा झाला. हे चालत चालत कड्याच्या वाटेला लागले होते, आणि मध्येच डोक्यात काय आलं कोण जाणे, छत्री टाकून माळाकडे वळले. भागाकाकींनी पाहिलं आणि त्यांना वाटलं, धोंडूने पाळीवर पाहुण्यांना धाडलंय. "मी म्हटला, बरा झाला," काकी सांगत होत्या. "काठी दिली त्यांच्या हातात नि म्या गेली पल्याड नाचणीतला तण बेणायला. मला काय ठावं गो, तू हितं जीव काढतीयास?" आणि दुखणेकऱ्याच्या हाती सगळ्या वाडीची गुरं दिली म्हणून काकींनी तोंडात मारून घेतलं. मी त्यांचे हात धरले. काठी दिली नसती तर हे पुढे चालत गेले असते. काम हातात आलं आणि पाय तिथेच थांबले. गुरांनी ह्यांना आणलं की ह्यांनी गुरांना, यावर वाडीत दुसऱ्या दिवशीही वाद चालला होता. उभ्या नाचणीच्या एकाही ताटाला गुरांचं तोंड लागलं नव्हतं, एवढं सगळ्यांनी कबूल केलं.

सकाळी ह्यांना यातलं काही आठवत नव्हतं. आजार तसाच आहे आणि तसाच राहील, हे मला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. पण ज्याचा शोध लागावा म्हणून मी ऊर फुटेतो हाका मारत होते, तोच मला हाक मारत उभा होता, ही गोष्ट माझ्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. तिला चमत्कार म्हणा, भागाकाकींची चूक म्हणा. मी प्रभूचे आणि काकींचे, दोघांचेही आभार मानते. पाळकसाहेबांना सगळं सांगितलं तेव्हा ते चष्मा काढून पुसत बसले. नव्व्याण्णवांजवळ कोण होतं, हे मी त्यांना आता विचारत नाही. मी स्वतःला उगाच त्यांच्यात मोजत होते.

कुलूप अजून आहे, पण ते आता रात्रीच लावते. दिवसा मी ह्यांच्याबरोबर तळ्यापर्यंत जाते. हे पुढे, मी मागे, आणि वाटेतल्या प्रत्येक गाईजवळ आम्ही थांबतो. संध्याकाळी दार लावायला गेले की हे खुर्चीतून विचारतात, "सगळी आली का?"

मी म्हणते, "हो, आली." मग ते लावू देतात.