डोंबिवलीच्या अंगणात चालू राहिलेली गाडी

ठाण्याहून डोंबिवलीला मोटारीने जाऊ नये. हा सल्ला बायकोने मला निघण्याआधी फुकट दिला होता. मी तो जाऊन-येऊन, छातीत धडकी भरवून घेऊन कमावला आणि आता तुमच्यापुढे ठेवतो.

काम नाजूक होतं. आमची मुलगी कुसुम डोंबिवलीला दिलेली. तिला सातवा लागला, म्हणून बाळंतपणासाठी नौपाड्याला आणायची होती. गेल्या खेपेला सातव्यातच सगळं संपलं होतं. त्यामुळे या वेळी आमच्या घरात कोणी बारशाचा ब सुद्धा उच्चारत नव्हतं. अशा मुलीला आगगाडीने आणावं, असं बायकोचं म्हणणं. पण मी नुकतीच एका निवृत्त डॉक्टरांची लढाईपूर्वीची मोटार घेतली होती आणि व्याह्यांना कार्ड टाकून बसलो होतो: ‘मोटार घेऊन येतो.’ पेटीत पडलेलं कार्ड आणि तोंडातून गेलेली फुशारकी परत येत नाही.

सकाळी सातला निघालो. टाकी घरूनच भरून घ्या, पुढे पेट्रोलचा भरवसा नाही. खाडीचा पूल ओलांडून कळव्याला म्हशींसाठी थांबलो, तेव्हा पहिल्यांदा तो आवाज ऐकला. टक-टक. टक-टक. लाकडी दारावर कुणीतरी बोटाच्या पेराने वाजवावं तसा. म्हशी गेल्या, मी गाडी हाकली, आवाज बंद. गाडी पळत असली की गप्प, उभी राहिली की वाजायला लागायची. मग मी थांबायचंच नाही असं ठरवलं. भित्र्या माणसाचा हा जुना उपाय आहे.

तरी मुंब्र्याला चहासाठी थांबावं लागलं. आण्याचा चहा, वर सल्ला मोफत. हॉटेलवाला म्हणाला, “टॅपेट असतील.” बाकावरचा एक गृहस्थ म्हणाला, “पंख्याला काही लागत असेल.” तिसऱ्याने बॉनेटला कान लावून डोळे मिटले आणि म्हणाला, “जुनी आहे हो.” एवढं मलाही माहीत होतं. तिथून शिळफाट्यापर्यंत रस्ता ठीक. डावीकडे वळलात की खड्डे आणि धूळ. कापलेल्या भातखाचरांतून गाडी उड्या मारत होती आणि मी मागच्या रिकाम्या सीटकडे बघत होतो. परतताना तिथे कुसुम बसणार होती.

डोंबिवलीला पोचलो तेव्हा व्याही अंगणात उभे. प्रस्थानाचा मुहूर्त दहा वाजून वीस मिनिटांचा. पण ओटी भरायला येणाऱ्या मावशी अजून यायच्या होत्या आणि घड्याळ कुणासाठी थांबत नव्हतं. व्याही हेड क्लार्क म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे कुठल्याही अडचणीतून नियमात बसणारी वाट काढायचे.

“आबासाहेब, मुहूर्तावर गाडी सुरू करून ठेवा. इंजिन चाललं म्हणजे प्रस्थान झालं. मग बायका घेऊ देत वेळ.”

मला ही युक्ती फार आवडली. पुढे दहा वर्षं सांगता येईल असा विनोद आयता मिळाला, असं वाटलं. बरोबर दहा-वीसला मी गाडी सुरू केली. आतून विहीणबाईंचा आवाज आला, “आता मात्र बंद करायची नाही हं! गेल्या खेपेला शाल राहिली म्हणून टांगा मागे फिरवला होता.”

विनोद तिथेच संपला.

पाच मिनिटं. दहा. पंधरा. टक-टक आता ठक-ठक झालं. समोरच्या भाताच्या गिरणीतून पदू बाहेर आला. गिरणीचं तेलइंजिन तोच सांभाळायचा. मांडीएवढा पट्टा उघड्या हाताने चढवणारा हा आगरी माणूस माझ्या गाडीजवळ मात्र जपून आला.

“कवाधरना वाजतंय?”

“कळव्यापासून.”

त्याने बांबूची कामटी घेतली. एक टोक इंजिनाला टेकवलं, दुसरं दातांत धरलं आणि दोन्ही कान बोटांनी बंद केले. असा तो बराच वेळ उभा होता. मग लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर आणून एकेका प्लगची ठिणगी तोडू लागला; जिथे आवाज दबेल तिथे दुखणं. पहिल्याला आवाज तसाच. दुसऱ्याला तसाच. तिसऱ्याला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि ठक-ठक एकदम दबलं.

“तीन नंबर,” तो म्हणाला. “पिष्टनची पिन. आबा, गारी बंद करा.”

“आता?”

“आता म्हंजे आता. पिन तुटली तं इंजिन जाम व्हईल. उतारावर झाला तं चाकाचा बी खरा नाय. न पोर बसनार ना हीच्यात?”

माझा हात किल्लीवर गेला आणि तिथेच राहिला. मी व्याह्यांकडे बघितलं. व्याह्यांनी तुळशीकडे बघितलं. नौपाड्यात पंचांगाची टर उडवून मी आयुष्यभर लोकांचे चहा प्यायलोय, पण ती किल्ली मला फिरवता येईना. चालू ठेवावी तर गाडी फुटेल, बंद करावी तर… ते वाक्य मी मनातसुद्धा पुरं केलं नाही.

“काय आबा, झोपला का?” पदू ओरडला.

तेवढ्यात कुसुम बाहेर आली. ओटीचा नारळ पदरात सांभाळत, एका हाताने कंबर धरून. तिने पदूकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं. खिडकीतून वाकली, माझी बोटं बाजूला केली आणि किल्ली फिरवली.

ठक-ठक थांबलं.

“कोणी बंद केली?” विहीणबाई उंबऱ्यात उभ्या होत्या.

कुसुमने तोंड उघडलं. मी तिच्या आधी बोललो.

“मी.”

विहीणबाई वळून आत गेल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

गाडी पदूकडे ठेवली. टांग्याने स्टेशनवर गेलो. दुपारची वेळ, डबा मोकळा होता. मुंब्र्याच्या बोगद्यात अंधार झाला तेव्हा मी कुसुमचं मनगट धरलं. उजेड आला तरी सोडलं नाही. “बाबा, बांगडी रुततेय,” ती म्हणाली.

चार दिवसांनी पदूचा निरोप आला: इंजिन उघडलं, पिन दोन तुकड्यांत हातात आली. म्हणजे गाडी बंद केली ते बरोबरच होतं. बायकोला ते पटलं, मलाही पटलं. पण विहीणबाईंचं कार्ड दर आठवड्याला येतं. त्यात प्रकृतीची चौकशी असते आणि मला नमस्कार नसतो. अजून दोन महिने जायचेत. काही वाकडं झालंच तर बोट माझ्याकडे आहे. ते कुसुमकडे नाही, एवढंच त्या प्रवासात मी नीट केलं.

काल सकाळी चहा देताना कुसुम म्हणाली, “बाबा, मी सांगितलं असतं हो त्यांना. खोटं कशाला बोललात?”

“मोटार माझी. तिचं श्रेय तू का घ्यावंस?”

ती हसली. हसता हसता पोटावर हात ठेवून एकदम गप्प झाली. मी कप खाली ठेवला. आतून बायकोच्या भांड्यांचा आवाजही थांबला.

“काही नाही हो,” कुसुम म्हणाली. “लाथ मारली त्याने.”

मग मी तो गार झालेला चहा प्यायलो.