मुतलकनं आधीच दिलेला होकार

वाळवंटातल्या मआन शहराच्या पूर्वेला सरकारनं भटक्या मेंढपाळांना घरं बांधून दिली, तेव्हा मुतलकचा मुलगा फरहान आनंदानं राहायला गेला. म्हातारा नाही गेला. कुरणांना कुंपणं पडली, पाणी टँकरनं यायला लागलं, तरी दीडशे मेंढरं घेऊन हा आपला गावाबाहेर तंबूत. मरेपर्यंत मेंढरांमागं राहायचं, एवढा एकच हट्ट.

एका सकाळी पाच वडीलधारे तंबूवर आले, पुढं त्याचा मेहुणा नाहिर. मुतलकनं स्वतः कॉफी कुटून ओतली. नाहिरनं पेला न चाखताच खाली ठेवला. मागणं घेऊन आलेला पाहुणा असंच करतो. यजमानानं होकार दिल्याशिवाय पेला ओठाला लावत नाही.

मुतलक मनात हसला. नात लग्नाची झाली होती आणि नाहिरचा नातू हल्ली ती पाणी भरत असताना टँकरपाशी उगाच घुटमळायचा.

"पी, नाहिर. मागायला आलास ते दिलं."

"आधी ऐक तरी."

"ऐकायचंय काय त्यात? कॉफी गार करून माझी अब्रू घालवतोस का?"

नाहिरनं पेला रिकामा केला. मग खाली बघत म्हणाला, "मेंढरं वीक आणि फरहानकडं राहायला चल. थंडीत तापानं फणफणला होतास, दोन दिवस कुणाला पत्ता नव्हता. तुझं पोरगं रडत आलं माझ्याकडं."

"कपटी आहेस."

"आहे. पण मी ऐक म्हणालो होतो."

ते खरंच होतं. दिलदारीचा जुना रोग नडला. चार जणांदेखत दिलेला शब्द गिळायचा कसा? राग आला तो स्वतःचाच जास्त.

तिसऱ्या दिवशी मेंढरं बाजारात न्यायला ट्रक आला. मेंढरं काही चढेनात. ती चालतात घंटावाल्या म्होरक्या मेंढ्यामागं, आणि म्होरक्या चालतो फक्त मुतलकमागं. कोकरू असल्यापासून त्यानंच हातावर वाढवलेला. फरहाननं ओढला, ड्रायव्हरनं शिव्या घातल्या. म्होरक्या ढिम्म.

"बा, तूच बोलव त्याला," फरहान हळूच म्हणाला.

मुतलक फळीवरून ट्रकमध्ये चढला आणि त्यानं म्होरक्याला चुचकारलं. घंटा वाजत आत आली, मागून सगळा कळप. ढकलत ढकलत मेंढरांनी म्हाताऱ्याला पार केबिनच्या पत्र्याला टेकवला. ड्रायव्हरनं फाळका लावला.

"अहो, बा आत राहिला!" फरहान ओरडला. "थांब बा, उतरवतो मेंढरं."

"राहू दे," आतून मुतलक म्हणाला. "बाजारात उतरवायलाही मीच लागणार."